झऱ्याच्या आत

मी आठ-नऊ वर्षांची असेन, मे महिन्यात आमच्या मळ्यातली विहीर उपसायला काढली होती. आमचं गाव मावळात, म्हणजे पावसाळ्यात इतकं पाणी की भातलावणी करताना आभाळ कुठं आणि खाचर कुठं ते कळत नाही, आणि मे उजाडला की त्याच गावात हंड्यांची रांग. गाळ काढून झाल्यावर आप्पा, म्हणजे माझे आजोबा, मला दगडी पायऱ्यांवरून तळापर्यंत घेऊन गेले. खाली गारवा, वर ताटाएवढं आभाळ, आणि चहूबाजूंनी आपला तो काळा पाषाण. आप्पांनी माझा हात धरला आणि भिंतीतल्या एका फटीत घातला, म्हणाले हा झरा. कडा अगदी गुळगुळीत, आतून पाणी बोटांवरून सरकत होतं, माझा बारका हात कोपरापर्यंत आत गेला तरी फट संपेना. "आप्पा, हे आत कुठपर्यंत जातं?" "त्याचा कुणाला पत्ता लागलाय, बाळा."

पुढं तीस वर्षं मी त्या फटीचा विचारही केला नाही. मग नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही कॅलिफोर्नियात आलो, आणि एका डिसेंबरात मुलांना घेऊन हवाईच्या बिग आयलंडवर गेलो. तिथं व्होल्कॅनो नॅशनल पार्कात नाहुकू नावाची लाव्हाची नळी आहे, थर्स्टन लाव्हा ट्यूब म्हणूनही ओळखतात. उकळता लाव्हा वाहत असताना वरचा थर थंड होऊन त्याचं कवच होतं, आतला लाव्हा वाहून निघून जातो आणि मागं राहतो बोगदा, तसाच हा एक. दिवे लावलेत, पायवाट आहे, पाच-दहा मिनिटांत माणूस दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. पण मी मध्येच थांबले कारण छतातून मुळं लोंबत होती, केसासारखी बारीक, वरच्या ओहिया झाडांची. आणि दगड बघितला तर तोच! बसाल्ट. कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांत ज्यावर हात फिरवत मोठी झाले तोच काळा दगड, फक्त आमचा साधारण 6.6 कोटी वर्षांचा आणि हा पाचेकशे वर्षांचा. घरी आल्यावर मुळांच्या त्या फोटोवरून वाचत गेले आणि तेव्हापासून गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी सकाळी मी हेच वाचत बसते, गुहेत राहणाऱ्या कीटकांबद्दल, कोळ्यांबद्दल, गोमांबद्दल. आज त्यातलं जे मला सगळ्यात जास्त भिडलं ते लिहिते.

गोष्ट सुरू होते 1971 मध्ये. तोपर्यंत शास्त्रज्ञांची एक पक्की समजूत होती की डोळे नसलेले, रंग उडालेले, लांबसडक पायांचे खरे गुहाजीव थंड प्रदेशातच मिळायचे. कारणही सयुक्तिक होतं. हिमयुगात हवामान उलटंपालटं झालं, वरचे जीव जमिनीखाली आसऱ्याला गेले, वर राहिले ते मेले, खाली गेले ते अंधारात लाखो वर्षं बदलत राहिले. म्हणजे गुहाजीव हे मागं उरलेले, जुन्या काळाचे अवशेष. डार्विननंही 1859 मध्ये त्यांच्याबद्दल काहीसं याच सुरात लिहिलंय. मग उष्ण कटिबंधात, त्यातही समुद्राच्या मधोमध उगवलेल्या कोवळ्या ज्वालामुखी बेटावर असले जीव असायचं कारणच काय? कुणी शोधलंही नाही. होनोलुलूच्या बिशप म्युझियममधला फ्रान्सिस हॉवर्थ हा कीटकशास्त्रज्ञ त्या वर्षी काझुमुरा नावाच्या लाव्हा नळीत उतरला आणि तिथं त्याला ते मिळाले. एक-दोन नाहीत, चांगला कुटुंबकबिला.

काझुमुरा म्हणजे जगातली सगळ्यात लांब लाव्हा नळी, 65 किलोमीटरहून जास्त मोजलीय. त्या अंधारात जे मिळाले त्यातला माझा सगळ्यात लाडका जीव म्हणजे एक तुडतुडा.

तुडतुडा म्हटलं की आमच्याकडं शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. भातावरचे तपकिरी तुडतुडे बुंध्याला चिकटून रस पितात, बघता बघता खाचरात गोल गोल करपलेले पट्टे पडतात, आप्पा सकाळी बांधावर उकिडवे बसून बुंधा बाजूला करून बघायचे आणि काही न बोलता उठायचे ते मला अजून दिसतं. तर त्याच तुडतुड्यांच्या गोतावळ्यातला एक हवाईच्या जमिनीखाली राहतो, ओहियाच्या मुळांचा रस पिऊन. नाव ओलिअरस पॉलिफेमस, ग्रीक कथेत गुहेत राहणारा आणि शेवटी आंधळा झालेला एक राक्षस आहे त्याच्यावरून ठेवलेलं. ह्याला डोळे नाहीत, उडता येत नाही, रंग दुधाळ. पिल्लं अंगातून मेणाचे पांढरे धागे काढून मुळांवर कापसासारखं अंथरूण करतात आणि त्यात राहतात.

आता विचार करा, मिट्ट काळोख, जोडीदार कुठं आहे हे दिसणार नाही, उडता येणार नाही, आणि पसारा केवढा तर अख्ख्या डोंगराच्या पोटाएवढा. मग नर-मादी भेटतात कसे? मुळातून. मादी पोट थरथरवते, ती थरथर पायांतून मुळात उतरते आणि मुळाच्या लाकडातून मीटर-दोन मीटर लांब जाते, नर आपल्या पायांनी ती ऐकतो, थांबतो, उत्तर देतो, थोडं चालतो, परत थांबतो. तुडतुडे वरही असंच देठातून बोलतात, आपल्या भाताच्या काडीत रात्रभर ही कुजबुज चालू असते पण आपल्या कानाला त्यातलं काही येत नाही. हानेलोरे होख या जर्मन संशोधिकेनं हॉवर्थबरोबर वेगवेगळ्या गुहांतल्या या हाका तपासल्या तेव्हा लक्षात आलं की गुहेगणिक बोली वेगळी आहे. दिसायला सगळे सारखे, पण इथली मादी एका लयीत थरथरते आणि पलीकडच्या लाव्ह्यातली दुसऱ्या लयीत. म्हणजे एक जात नव्हे, आतल्या आत जाती वेगळ्या व्हायला लागल्यात. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो ना आपण, ते ह्यांनाही लागू पडावं याचं मला किती अप्रूप वाटलं सांगू!

आणि हे अवशेष वगैरे काही नव्हते. गुहेतल्या तुडतुड्याचे भाऊबंद वर जंगलात आजही मजेत आहेत. गुहेत रातकिडे मिळाले, त्यांचे नातेवाईक वरच्या उघड्या, नुकत्याच थंड झालेल्या लाव्ह्यावर राहतात जिथं गवताची काडीही उगवलेली नसते, वाऱ्यानं उडत आलेलं काय असेल ते खाऊन. हॉवर्थनं यावरून मांडलं की गुहेत जाणारा जीव पळपुटा नसतो, खाली खायला आहे म्हणून तो जातो. मुळं आहेत, झिरपून आलेला कुजका पालापाचोळा आहे, आणि खाणारं फारसं कुणी नाही. वरचे मरायची वाट बघायची गरज नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही, गाव सोडून आलेल्या माणसाला बहुतेक वाटतंच.

हॉवर्थच्या शोधाच्या सुमाराचीच दुसरी गोष्ट हवाईतल्याच काउआई बेटावरची. तिथल्या कोलोआ भागात लाव्हाच्या मोजक्या गुहांमध्ये एक लांडगा कोळी राहतो, शास्त्रीय नाव अ‍ॅडेलोकोसा अनॉप्स, 1973 मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं. लांडगा कोळी आपल्याकडं ढीगभर, जाळं न विणता जमिनीवर पळून शिकार करणारे, रात्री बॅटरी मारली की गवतात हिऱ्यासारखे चमकतात ते त्यांचेच डोळे. आठ डोळे, त्यातले चार चांगले टपोरे, ह्या सगळ्या घराण्याची ओळखच डोळ्यांवर. आणि त्या घराण्यातला हा एक, ह्याला एकही डोळा नाही. हवाईच्या भाषेतल्या त्याच्या नावात 'माका ओले' आहे, म्हणजे बिनडोळ्यांचा. वरच्या लांडगा कोळ्यांची मादी अंड्यांची पिशवी पाठीमागं लावून हिंडते आणि तिच्यात शंभराच्या वर अंडी असू शकतात. ही मादी जेमतेम 15 ते 30 अंडी घालते, पण मोठी मोठी, आणि ती पिशवी तोंडात धरून पिल्लं निघेपर्यंत सांभाळते. मांजर पिल्लू तोंडात धरून नेते ना, तसं, फक्त ते आठवडोन् आठवडे आणि अंधारात. अन्न थोडं असलं की खूप पिल्लं करून उपयोग नाही, थोडीच करायची पण धट्टीकट्टी. सन 2000 मध्ये अमेरिकेनं ह्या कोळ्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं.

आता खरा प्रश्न, जो मला पहिल्या दिवसापासून सतावत होता. काझुमुरा नळी पाचेकशे वर्षांची. पाचशे वर्षांपूर्वी तिथं वितळलेला लाव्हा वाहत होता. मग पाचशे वर्षांत डोळे गेले, उडणं गेलं, रंग गेला, बोली वेगळी झाली? एवढ्यात? नाही. गुहा पाचशे वर्षांची असेल पण जीव तिच्यापेक्षा फार जुने. मग गुहा नव्हती तेव्हा ते कुठं होते?

फटीत.

हॉवर्थच्या सगळ्या कामाचा गाभा मला तरी हाच वाटतो. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. एका लाव्ह्यावर दुसरा येऊन बसतो तेव्हा दोघांच्या मध्ये खडबडीत तुकड्यांचा भुसभुशीत थर राहतो. बोटभर, वीतभर रुंदीच्या ह्या सगळ्या फटी एकमेकींना जोडलेल्या, डोंगरभर पसरलेल्या, माणूस जाऊ शकत नाही पण तुडतुडा, रातकिडा, कोळी आरामात जातो. हेच त्यांचं घर. नवा लाव्हा आला, थंड झाला, वर ओहिया रुजली, मुळं खाली उतरली की शेजारच्या जुन्या लाव्ह्यातून ही मंडळी फटीफटीनं नव्यात येतात. गुहा म्हणजे त्या घराला चुकून पडलेली एक खिडकी, आपल्या मापाची, आपण तिच्यातून डोकावतो आणि म्हणतो हे गुहेत राहतात. ते गुहेत राहत नाहीत, ते दगडात राहतात.

ह्याचा पुरावा गुहेच्या आतच मिळतो. मोठ्या, वारा खेळत्या बोगद्यात हे जीव फारसे दिसत नाहीत. सरपटत जावं लागेल अशा कोंदट टोकाला, जिथं हवा हलत नाही आणि दमट इतकी की दगडाला घाम फुटलेला असतो, तिथं दिसतात. त्यांचं कवच इतकं पातळ झालेलं असतं की जरा कोरडी हवा लागली की अंगातलं पाणी उडून जातं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये बेलिस नावाची लाव्हा गुहा आहे, तिच्या आतल्या भागात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दोनशे पटींपर्यंत चढतो, माणसाला धाप लागते, डोकं दुखतं. हॉवर्थ आणि त्याचा सहकारी फ्रेड स्टोन तिथं 1980 च्या दशकात गेले आणि नेमक्या त्या कोंदलेल्या हवेत त्यांना फक्त भूगर्भातच राहणाऱ्या 24 जाती मिळाल्या. आपल्याला जिथं जीव घाबरा होतो तिथंच त्यांचा जीव रमतो, कारण फटीतली हवा अशीच असते.

आणि त्याहून सरळ पुरावा हवा असेल तर 2021 मधली बातमी घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात, गोल्डफील्ड्स म्हणतात त्या सोन्याच्या खाणींच्या भागात, खनिज शोधायला बोअर मारून ठेवलेल्या होत्या. गुहा नाहीच, नुसतं मनगटभर रुंदीचं भोक. त्यात ओल्या पालापाचोळ्याचं आमिष घालून सापळा सोडला आणि 60 मीटर खोलीवरून वर आला एक वाणी किडा, काही गावांत पैसा म्हणतात, पावसाळ्यात अंगणात चकलीसारखा गुंडाळून पडतो त्याच्या नात्यातला. जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी, म्हणजे शिवायच्या दोऱ्याएवढी, लांबी साडेनऊ सेंटिमीटर, फिकट, डोळे नाहीत. पॉल मारेक हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाय मोजले. एका मादीचे भरले 1306. इंग्रजीत ह्या किड्यांना हजार पायांचे म्हणतात पण खरोखर हजारावर पाय असलेला तोपर्यंत एकही माहीत नव्हता, आधीचा विक्रम 750 चा. लहानपणी घरी पुरुषसूक्त कानावर पडायचं, सहस्राक्षः सहस्रपात्, त्यातला सहस्रपात् मला असा सापडला, एकही अक्ष नसलेला, साठ मीटर दगडाखाली. नावही पाताळाच्या ग्रीक राणीवरून, युमिलिपीस पर्सेफोनी. इतके पाय का, तर बारीक फटींतून अंग रेटत न्यायला लांब शरीर आणि भरपूर पायांचा जोर कामी येत असावा असं त्यांचं म्हणणं आहे.

हे सगळं वाचल्यावर मी ह्या शास्त्राची पहिली पानं परत उघडली. युरोपात स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत 1831 मध्ये लुका चेच नावाच्या दिवे लावणाऱ्या कामगाराला एक भुंगा दिसला. बारीक मान, काटक्यांसारखे लांब पाय, फुगलेलं चकचकीत पोट, सेंटिमीटरभर लांब. त्यानं तो उचलून नेऊन एका काउंटला, म्हणजे तिथल्या उमरावाला दिला, पुढच्या वर्षी फर्डिनांड श्मिट यांनी त्याला लेप्टोडायरस असं नाव दिलं आणि गुहेतल्या कीटकांचा अभ्यास तिथून सुरू झाला म्हणतात. नाव श्मिट यांनी ठेवलं, जातीच्या नावात त्या काउंटचं नाव गेलं ज्याच्या हाती तो भुंगा आधी पोचला होता. पण पाहिला तो दिवेवाल्यानं. हातात मिणमिणता दिवा घेऊन रोज त्या अंधारात जाणारा माणूस, त्यालाच दिसणार ना. मला लुका चेचचं नाव दरवेळी आधी घ्यावंसं वाटतं.

भारतात चुनखडीच्या गुहा जिथं आहेत तिथं काम झालंय. स्टॅन्ले केम्प आणि बी. चोप्रा 1922 मध्ये मेघालयात गारो टेकड्यांतल्या सिजू गुहेत गेले आणि तिथल्या प्राण्यांची यादी केली, ती आजही आपल्याकडच्या गुहाजीवशास्त्राची सुरुवात समजतात. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात कोटुमसर गुहा आहे, तिथं फिकट रंगाचा, अंगाच्या कितीतरी पट लांब मिशांचा रातकिडा आहे, केम्पिओला शंकरी, नाव ठेवलंय गुहेचा शोध घेणाऱ्या शंकर तिवारींवरून. त्याच गुहेत एक फिकट मासा आहे, संशोधकांनी तो ज्या जातीत धरला त्या जातीचं पहिलं वर्णन झालं 1872 मध्ये, आणि ते पुण्यातल्या माशांवरून. म्हणजे आपल्या नदीतल्या गोट्यांखालचा मुऱ्यासारखा मासा आणि बस्तरच्या अंधारातला मासा एकाच नावाचे धनी.

आपल्या महाराष्ट्रात मात्र लेणी अमाप, ती माणसानं छिन्नीनं खोदलेली, आणि निसर्गानं केलेल्या खोल गुहा फार थोड्या. दगडही म्हातारा. हवाईच्या बसाल्टमध्ये बुडबुड्यांच्या जागा रिकाम्या आहेत, आपल्याकडं कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून त्या स्फटिकांनी भरून गेल्यात, वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हन्साइटचे स्फटिक जगभरचे हौशी लोक विकत घेतात ते ह्याच पोकळ्यांतले. पण सगळंच काही भरलेलं नाही. विहीर खोदणारा माणूस सांगतो ना, वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि मांजऱ्यात झरे. ते झरे म्हणजेच दोन लाव्ह्यांच्या सांध्यातली, तडकलेल्या दगडातली मोकळी जागा. हॉवर्थला जे म्हणायचंय ते आमच्या गावातल्या विहीरवाल्यांच्या तोंडी कधीचं आहे, त्यांनी फक्त पाण्यासाठी बघितलं.

हवाईत सध्या एक काळजीची गोष्ट चालू आहे. ओहियाला बुरशीचा रोग लागलाय, 2014 च्या सुमाराला कारण ओळखलं गेलं, झाड काही आठवड्यांत उभ्या उभ्या वाळतं म्हणून त्याला रॅपिड ओहिया डेथ म्हणतात. लोक बूट घासून पुसून जंगलात जातात, आम्हीही ब्रश मारूनच आत गेलो होतो, तेव्हा मला वाटलं झाडांसाठी. झाडांसाठी तर आहेच. पण झाड मेलं की मूळ सुकतं, आणि मुळावर ज्यांचं घर, जेवण आणि बोलणं तिन्ही अवलंबून आहे ते वर येऊन दुसरं झाड शोधू शकत नाहीत. वर हजारो एकर जंगल वाळताना विमानातून दिसतं, त्याचे नकाशे होतात. खाली एक मादी मुळावर थरथरतेय आणि सुकत चाललेल्या मुळातून पलीकडून उत्तर येत नाहीये, हे कुठल्या नकाशावर दिसणार.

गेल्या मेमध्ये गावी गेले होते. चुलतभाऊ बाळादादा विहीर दुरुस्त करून घेत होता, वरची दरड ढासळलेली, आतून काँक्रीटचं बांधकाम चाललेलं. माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, "दादा, खालपर्यंत बांधून काढणार काय रे? झरे?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "अगं झरे कोण बुजवतं? तेवढ्या जागा सोडल्यात. झरे बुजवल्यावर ती विहीर राहील का हौद होईल?" मग मी चप्पल काढून पायऱ्या उतरले. पाणी घोट्याएवढं. आप्पांनी दाखवलेली फट शोधायला वेळ लागला नाही, आता हात मनगटाच्या पुढं जात नाही. मोबाईलचा टॉर्च लावून डोळा फटीला लावला. ओला काळा दगड, पाण्याची बारीक हलती धार, हातभर आत गेल्यावर फट डावीकडं वळते आणि उजेड तिथंच थांबतो.

"काय दिसतंय?" वरून दादानं विचारलं.

"वळण आहे," मी म्हटलं आणि टॉर्च बंद करून तशीच थोडा वेळ गालाला तो गार दगड लावून उभी राहिले.